बचाव विकत घेता येतो का?

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ४ ऑक्टोबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे जो निकाल लागला, तो केवळ 'धक्कादायक' म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. हंगामाच्या आरंभी देशात दुसऱ्या क्रमांकावर गणला गेलेला पेन स्टेट विद्यापीठाचा संघ, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून ४२-३७ असा पराभूत झाला. आठच दिवसांनी पेन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांची हकालपट्टी झाली. सदतीस गुण मिळवूनही संघ हरतो तेव्हा दोष आक्रमणाकडे जात नाही. पेन स्टेटचा बचाव ज्यांच्या हाती होता ते जिम नोल्स त्या वेळी अमेरिकेतील सर्वांत महाग बचाव-प्रशिक्षकांपैकी होते. त्यांना वर्षाला सुमारे ३१ लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबात पंचवीस कोटी रुपयांहून अधिक, देण्याचे पेन स्टेटने कबूल केले होते.

हे नोल्स कोण? जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावणाऱ्या ओहायो स्टेटच्या बचावफळीचे हेच शिल्पकार. त्या हंगामात ओहायो स्टेटने प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी १२.९ गुणच मिळू दिले होते आणि देशात यापेक्षा कमी गुण कोणीही दिले नव्हते. २० जानेवारीला अंतिम सामना झाला आणि आठवडाभरातच नोल्स यांनी पेन स्टेटची वाट धरली. माणूस तोच, वही तीच, अनुभव तोच. मग नऊ महिन्यांत असे काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आजच्या महाविद्यालयीन फुटबॉलचे सारे अर्थकारण उलगडत जाते.

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा चेंडू. अमेरिकेतील हा लंबगोल चेंडूचा खेळ बहुतेकांना हेल्मेट घातलेल्या धिप्पाड माणसांची झुंज वाटतो. पुण्या-मुंबईहून अॅन आर्बरला किंवा कोलंबसला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र पहिल्याच शरद ऋतूत कळून चुकते की, शनिवारी दुपारी तेथे दुसरे काही घडत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. आपल्या कोणत्याही विद्यापीठाच्या कुलगुरूंना हे स्वप्नातही खरे वाटणार नाही! नियम थोडक्यात सांगायचा तर आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते आणि बचाव करणाऱ्या अकरा जणांनी त्यांना अडवायचे असते. प्रत्येक प्रयत्नापूर्वी दोन्ही संघ थांबतात, रचना करतात आणि मग पाच-सात सेकंदांचा स्फोट होतो. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूपूर्वी नवे क्षेत्ररक्षण लावावे आणि फलंदाजाने ते पाहून फटका बदलावा, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, येथे क्षेत्ररक्षकही चेंडू सुटल्यावर आपापली जागा बदलतात.

महाविद्यालयीन बचाव व्यावसायिक लीगपेक्षा कठीण का, याचे एक उत्तर मैदानावरच आखलेले आहे. मैदानाची रुंदी १६० फूट. खेळ जेथून सुरू होतो त्या खुणांच्या दोन ओळींमधील अंतर व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा फूट आहे, तर महाविद्यालयांत ४० फूट. त्यामुळे चेंडू एका खुणेवर असला की, एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट मोकळी जागा उरते. शंभर फुटांच्या त्या पट्ट्यात आक्रमक संघाने तीन चपळ खेळाडू उभे केले तर त्यांना सांभाळणार कोण? दुसरे उत्तर नियमपुस्तिकेत आहे. चेंडू फेकला जाणार असेल तर आक्रमक संघाच्या आघाडीच्या धिप्पाड खेळाडूंना फार पुढे जाता येत नाही. पण ही सवलत व्यावसायिक लीगमध्ये एक यार्ड आहे आणि महाविद्यालयांत तीन यार्ड. या दोन यार्डांच्या फरकाने खेळाचे रूप पालटले. क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतल्यानंतर एका बचावपटूकडे पाहतो. तो धावणाऱ्याच्या दिशेने सरकला तर त्याच्या मागे चेंडू फेकतो, तो मागे हटला तर धावणाऱ्याला देतो. आघाडीचे खेळाडू पुढे सरसावलेले दिसतात म्हणून बचावपटूला ही धावच वाटते. म्हणजे त्याने काहीही केले तरी तो चुकतोच. याला बचाव म्हणायचे की शिक्षा?

या शिक्षेचा कळस २२ ऑक्टोबर २०१६ रोजी टेक्सासमधील लबक येथे झाला. ओक्लाहोमाने टेक्सास टेकला ६६-५९ असे हरवले. दोन्ही संघांनी प्रत्येकी ८५४ यार्ड काढले. पॅट्रिक महोम्स या तेव्हाच्या विद्यार्थ्याने एकट्याने ७३४ यार्ड चेंडू फेकला आणि तरीही त्याचा संघ हरला. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, अलाबामाने मिसिसिपीला ६३-४८ असे हरवले. अलाबामाचे निक सेबन हे बचावाचे आधुनिक आचार्य; पण पूर्वी चांगला बचाव चांगल्या आक्रमणाला हरवीत असे, आता तसे राहिले नाही, असे त्याच हंगामात त्यांनीही बोलून दाखवले.

सेबन यांचे हे विधान हताशपणाचे नव्हते. कारण या आक्रमणाला उत्तर शोधणाऱ्यांत तेच अग्रणी होते. १९९१ ते १९९४ या काळात क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात बिल बेलिचिक यांच्या हाताखाली बचाव सांभाळताना त्यांनी जी पद्धत घडवली, तीच पुढे महाविद्यालयांत रुजली. बचावाचे दोन पारंपरिक मार्ग असतात. एक, प्रत्येकाने एक माणूस धरायचा. दुसरा, प्रत्येकाने एक जागा राखायची. पहिल्यात वेगवान खेळाडू निसटतो, दुसऱ्यात दोन जागांच्या सीमेवर चेंडू पडतो. सेबन यांच्या पद्धतीत सुरुवात जागा राखण्याने होते आणि प्रतिस्पर्ध्यांची पहिली काही पावले पाहून त्याच क्षणी माणसे वाटून घेतली जातात. आतल्या बाजूचा खेळाडू सरळ खोलवर धावला तर तो माझा. तो बाहेर वळला तर तो तुझा आणि तुझा माझा. कबड्डीतील साखळी ज्याने मन लावून पाहिली आहे त्याला यातील मर्म चटकन उमगेल. कोपऱ्याने झेप घेतली आणि कव्हर अर्धा क्षण उशिरा हलला तर चढाई करणारा निसटतो. येथे तर मागची पाच-सहा माणसे एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर उभी असतात, लाखभर माणसे ओरडत असतात आणि सर्वांनी एकच गोष्ट एकाच क्षणी वाचायची असते. चौघांनी बरोबर वाचले आणि पाचव्याने चूक केली, तर चार बरोबर उत्तरांना काहीही गुण नाहीत.

म्हणूनच या खेळात बचावाची किंमत डॉलरमध्ये नव्हे, तर वेळेत मोजावी लागते. एनसीएए या नियामक संस्थेच्या नियमानुसार हंगामात विद्यार्थ्याकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक सराव घेता येत नाही. व्यावसायिक खेळाडूचा हाच पूर्णवेळ धंदा असतो. वीस तासांत शंभर प्रसंगांची वाटणी अंगवळणी पडायची असेल, तर ती एका हंगामात पडत नाही. आक्रमणाचे तसे नाही. एक असामान्य क्वार्टरबॅक आणि दोन वेगवान खेळाडू आणून सहा महिन्यांत गुणफलक हलवता येतो. बचाव मात्र त्यातील सर्वांत गोंधळलेल्या माणसाइतकाच चांगला असतो.

ज्यांच्याकडे सेबन यांच्यासारखे निवडक खेळाडू नव्हते त्यांनी काय केले, ही कथा अधिक रोचक आहे. आयोवा स्टेट हे शेतीप्रधान राज्यातील विद्यापीठ. दर्जेदार खेळाडू त्याच्या वाट्याला क्वचितच येत. २०१७ च्या हंगामात तेथील मुख्य प्रशिक्षक मॅट कॅम्पबेल आणि बचाव-प्रशिक्षक जॉन हीकॉक यांनी आघाडीला तीनच माणसे ठेवली आणि मागे दोनऐवजी तीन सेफ्टी उभे केले. त्यांच्यातील मधला सेफ्टी हा या रचनेचा प्राण. चेंडू सुटेपर्यंत तो खोलवर दिसतो आणि धाव आहे असे कळताच खाली येऊन लाइनबॅकरचे काम करतो. क्वार्टरबॅक ज्या माणसाकडे पाहून निर्णय घेणार, तो माणूसच त्याला सापडत नाही! आठ जण मागे राहत असल्याने लांबचा फेक बंद होतो, समोरचे चार-पाच यार्ड खुशाल दिले जातात. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी या संघाने देशात तिसऱ्या क्रमांकावरील ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर ३८-३१ असे हरवले; उत्तरार्धात ओक्लाहोमाला एकच टचडाऊन करता आला. ही गरिबाची युक्ती होती आणि पाहता पाहता श्रीमंतांनीही ती उचलली. माझ्या मते गेल्या दशकातील महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वांत अस्सल कल्पना हीच. ती साधी होती, परंतु सोपी नव्हती. तो मधला सेफ्टी घडायला दोन-तीन वर्षे लागतात आणि आयोवा स्टेटकडे ती असत, कारण तेथील मुले सहसा कोठे जात नसत.

मिशिगनची वाट वेगळी. तेथे आधी माणूस धरण्याचा कट्टर बचाव होता आणि ओहायो स्टेटने त्याची २०१८ मध्ये ६२-३९, २०१९ मध्ये ५६-२७ अशी शोभा केली. मग २०२१ मध्ये जिम हार्बॉ यांनी आपल्या भावाच्या बाल्टिमोर येथील व्यावसायिक संघातून माइक मॅकडोनल्ड या तरुण प्रशिक्षकाला आणले. त्यांची पद्धत फसवणुकीची होती. सहा जण हल्ल्याच्या पवित्र्यात उभे राहायचे. प्रत्यक्षात चारच येत आणि ज्यांची अपेक्षा असे ते नव्हेत. उरलेले मागे हटत. समोरच्याला वाटायचे फार माणसे येत आहेत, म्हणून तो घाईने चेंडू फेके, तर तेथे बचावपटू हजर. मॅकडोनल्ड वर्षभरात परत गेले. पण त्यांच्याच मुशीतील जेसी मिंटर आल्याने भाषा तीच राहिली आणि तिसऱ्या वर्षी, ८ जानेवारी २०२४ रोजी, मिशिगनने वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवून विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक बदलला, शब्दकोश बदलला नाही.

त्या यशाला गालबोट लागले तेही बचावाशी संबंधित. प्रशिक्षक मैदानाबाहेरून हातवाऱ्यांनी सूचना देत आणि मिशिगनचा एक कर्मचारी, कॉनर स्टॅलियन्स, प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे धाडून ते हातवारे टिपून घेत असे, असे उघडकीस आले. सामन्यातल्या सामन्यात खुणा ओळखणे नियमबाह्य नाही. अगोदर माणसे पाठवून पाहणे १९९४ पासून निषिद्ध आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एनसीएएने विद्यापीठाला कोट्यवधी डॉलरचा दंड ठोठावला. गंमत अशी की, या प्रकरणाने जे साधले ते दोन दशकांच्या चर्चेने साधले नव्हते. व्यावसायिक लीगमध्ये कित्येक वर्षे असलेला हेल्मेटमधील रेडिओ २०२४ पासून महाविद्यालयांतही आला. दोन्ही बाजूंच्या एकेका खेळाडूला प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर पुन्हा विद्यार्थ्यानेच विचार करायचा. अखेरचे पंधरा सेकंद कोणालाही विकत घेता आलेले नाहीत, असे म्हणायला हरकत नाही.

बाकी बहुतेक सारे विकत मिळू लागले आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदलण्याचा मार्ग मोकळा झाला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. यात अन्याय काही नाही, उलट दीर्घकाळचा अन्याय दूर झाला, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. प्रशिक्षकांनी कोट्यवधी घ्यावेत, वाहिन्यांनी अब्जावधी मोजावेत आणि ज्याचा गुडघा मोडतो त्याने शिष्यवृत्तीवर समाधान मानावे, ही व्यवस्था टिकणे योग्यही नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सेबन यांनी दोनच महिन्यांनी वॉशिंग्टनमधील एका चर्चेत, आपण प्रशिक्षक म्हणून ज्यांवर विश्वास ठेवला त्या गोष्टी आता या क्षेत्रात उरल्या नाहीत, अशी खंत व्यक्त केली. खंत प्रामाणिक असेलही. पण पूर्वी जी स्थिरता प्रशिक्षकांना फुकट मिळत होती ती विद्यार्थ्यांना बांधून ठेवणाऱ्या नियमांमुळे, हे त्यात येत नाही. तीच स्थिरता आता पैसे देऊन राखावी लागते.

ओहायो स्टेटने २०२४ मध्ये नेमके तेच केले. जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआऊ, डेन्झेल बर्क यांच्यासारखे व्यावसायिक लीगच्या उंबरठ्यावरचे खेळाडू आणखी एका वर्षासाठी थांबले. सेबन निवृत्त होताच अलाबामाचा अव्वल सेफ्टी केलेब डाऊन्सही तेथे दाखल झाला. नोल्स यांचाही तो तिसरा हंगाम होता आणि पहिला किती महागात पडला होता हे विसरून चालणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी मिशिगनवर बेधडक हल्ले चढवले आणि ४५ यार्ड किंवा त्याहून लांबचे पाच टचडाऊन पदरात घेऊन संघ ४५-२३ असा हरला. गुरूने आपली घाई कमी केली, शिष्यांनी त्याची भाषा आत्मसात केली, यात दोन वर्षे गेली. मग विजेतेपद आले.

पेन स्टेटकडे ही दोन वर्षे नव्हती. तेथील बचावपटूंना २०२३ मध्ये मॅनी डियाझ, २०२४ मध्ये टॉम अॅलन आणि २०२५ मध्ये नोल्स असे तीन हंगामांत तीन शिक्षक लाभले. तिघेही नामवंत, तिघांची परिभाषा वेगळी. पासाडेनाच्या सामन्यापूर्वी यूसीएलएने आक्रमणाची सूत्रे नव्या माणसाकडे दिली होती, त्यामुळे अभ्यासाला चित्रफितीही नव्हत्या, हे नोल्स यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण अनपेक्षित प्रसंगी उपयोगी पडते तीच खरी अंगवळणी पडलेली विद्या. यूसीएलएचा क्वार्टरबॅक निको इमालियावा याने स्वतः धावून तीन आणि फेकून दोन टचडाऊन केले. इकडे नोल्स गेल्यानंतरही ओहायो स्टेटचा बचाव मॅट पॅट्रिशिया यांच्या हाताखाली देशात अग्रस्थानी राहिला. जुने खेळाडू व्यावसायिक लीगमध्ये गेले, तरी त्यांच्या मागे दोन-तीन वर्षे तेथेच शिकलेली फळी तयार होती. सर्व श्रेय वहीला देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

या साऱ्याला छेद देणारे उदाहरण म्हणून इंडियानाचे नाव घेतले जाते. २०२३ मध्ये बारापैकी नऊ सामने हरलेल्या या विद्यापीठाने १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीला २७-२१ असे हरवून, हंगामातील सोळाही सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. वाटेत त्यांनी ओहायो स्टेटला १३-१० आणि अलाबामाला ३८-३ असे हरवले. दोन वर्षांत हे घडते, तर वेळेचा मुद्दा कोठे राहिला? पण जरा बारकाईने पाहावे. मुख्य प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन या लहान विद्यापीठातून आले ते एकटे आले नाहीत. बचाव-प्रशिक्षक ब्रायंट हेन्स त्यांच्याबरोबर आले. एडन फिशर, मिकेल कमारा, डीअँजेलो पाँड्स हे बचावपटू तेथूनच आले. त्यांच्यापैकी कोणालाही मोठ्या विद्यापीठांनी शाळेतून बाहेर पडताना विचारले नव्हते. म्हणजे येथे शिक्षक, विद्यार्थी आणि शब्दकोश एकत्रच स्थलांतरित झाले. ज्या नियमांनी पेन स्टेटसारख्यांची वर्गखोली विस्कटते, त्याच नियमांनी एक संपूर्ण वर्ग उचलून दुसऱ्या गावी नेता आला. जेम्स मॅडिसनच्या प्रेक्षकांना त्याची किंमत मोजावी लागली, ही बाब विजयोत्सवात फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. असो.

डिसेंबर २०२५ मध्ये मॅट कॅम्पबेल आयोवा स्टेट सोडून पेन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या पाठोपाठ क्वार्टरबॅक रॉको बेक्टसह आयोवा स्टेटचे अनेक खेळाडूही तिकडे गेले. ज्या गावातून मुले सहसा जात नसत, त्या गावाची ही गत झाली. नोल्स यांनी टेनेसीचा बचाव स्वीकारला. तीन हंगामांतील हे त्यांचे तिसरे विद्यापीठ. पेन स्टेटच्या ज्या बचावपटूंनी २०२३ मध्ये पहिली वही उघडली आणि जे अद्याप तेथेच आहेत, त्यांच्या हाती २०२६ च्या हंगामासाठी चौथी वही पडली आहे.